कायम पाचवा येणाऱ्याची सायकल

चिहारु जेवताना म्हणाली, "बाबा, मला सायकल हवी," आणि मी तोंडातला घास गिळायच्या आत "घेऊ की!" म्हणून मोकळा झालो.

पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय होकार देऊ नये, हे शहाणपण मला एकावन्नाव्या वर्षी आलं. त्या दिवशी किमिएने, म्हणजे माझ्या बायकोने, तांदळाच्या कोंड्यात शिजवलेला बांगडा केला होता. तो आमच्या कोकुरा शहरात जितका मुरतो तितका कुठेच मुरत नाही, आणि तो पानात असला की मी कशालाही हो म्हणतो. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"तिला ब्रेक नसतात," चिहारु म्हणाली.

"मग लावून घेऊ."

"लावायचे नसतात, बाबा. ट्रॅकवरची सायकल आहे ती, शर्यतीची. पायडल मारणंही थांबवता येत नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच."

"आणि थांबायचं कसं?"

"हळूहळू," ती म्हणाली आणि भात वाढून घेतला.

आता माझी नोकरी सांगायला हवी, म्हणजे त्या घासाचं पुढे काय झालं ते कळेल. मी एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. सव्वीस वर्षं तेच करतोय. तुम्हाला जिना दिसतो. मला 'अर्जदार स्त्री, वय बासष्ट, दोन्ही हातांत वाळत घालायचे कपडे, चौथी पायरी' असं दिसतं. नव्या वर्षाची मोची, म्हणजे भाताचा कुटलेला चिकट गोळा, मी बारा तुकडे करून खातो, कारण मोची घशात अडकलेल्यांची फाईल माझ्याच कपाटात आहे. न्हाणीघरात मी रबरी जाळीवर उभा राहून अंघोळ करतो. लोक मला भित्रा म्हणतात. मी म्हणतो, माझं वाचन जास्त आहे.

आणि माझी एकुलती एक मुलगी, वय एकोणीस, बिनब्रेकची सायकल घेऊन त्या कढईत उतरणार होती. आमच्या केइरिनच्या, म्हणजे पैसे लावायच्या सायकलशर्यतींच्या, मैदानाला मी कढईच म्हणतो. वळणावरची भिंत इतकी उभी की लोक तिच्यावर सायकल चालवतात हे बघूनसुद्धा खरं वाटत नाही. चिहारुला शर्यतपटूंच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं होतं. गेले तीन महिने ती रविवारी हौशी मंडळाची सायकल मागून घेऊन सराव करत होती. आम्ही समजत होतो ती व्हॉलीबॉलला जाते.

"समजत होतो म्हणजे तुम्ही," किमिए म्हणाली. "मला माहीत होतं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर आज बांगडा खाल्ला असतात का?"

मंडळाच्या प्रशिक्षक उराताबाई. महिनाअखेरीला त्या हजार मीटरची वेळ लावणार होत्या. वेळ जमली तर परीक्षेला नाव पाठवणार. मंडळाची सायकल चिहारुच्या उंचीला चार बोटं लहान पडत होती. नवी करवून घ्यायची तर कारागिराकडे आठ महिन्यांची रांग. तेव्हा उरले जुने भाग: एक इथून, एक तिथून गोळा करायचे आणि सायकल जुळवायची.

"तुम्हीच पारखून घ्या ना, बाबा," चिहारु म्हणाली. "कुठली वस्तू कशी मोडते हे तुमच्याइतकं कुणाला माहितीय?"

सव्वीस वर्षांत माझ्या कामाचं कौतुक घरात पहिल्यांदाच झालं. मी विरघळलो. त्याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट शिरोउझुसानांच्या कानावर गेली. कशी गेली ते विचारू नका. आमच्या इमारतीत भिंती पातळ आणि कान तिखट आहेत. शिरोउझुसान आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि चाळीस वर्षं केइरिनच्या तिकिटांवर हरत आलेत. हरण्याचा एवढा अनुभव असलेला माणूस साहजिकच तज्ज्ञ झाला. कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात, उभ्याउभ्या प्यायच्या फळीपाशी, त्यांनी मला अडवलं.

"कुवानोसान, जिंकणाऱ्याची सायकल घेऊ नका."

"का हो?"

"जिंकणारा जोर लावतो. भाग आतून पिळवटलेले असतात. पिळलेल्या फडक्यासारखे."

"मग हरणाऱ्याची?"

"छे! शेवटून येणारा पडतो फार. जो कायम पाचवा येतो ना, त्याची घ्या. जोर लावत नाही, पडतही नाही. माझ्या माहितीत तसा एकच आहे, मुता गेन्साकु. तेहतीस वर्षं शर्यती केल्या. नऊजण सुटले की हा पाचवा. मी त्याच्यावर किती वेळा लावलं असेल! देवमाणूस. कधी वर नाही, कधी खाली नाही."

फळीवरच्या आणखी दोघांनी मान डोलावली. त्यातल्या एकाने सांगितलं की नळीवर नखाने टिचकी मारायची, 'टिंग' वाजलं तर घ्यायची, 'टक' वाजलं तर पळायचं. दुसरा म्हणाला, "हे कलिंगडाचं झालं." यावर त्या दोघांचं जुंपलं, आणि मी मुताचा पत्ता लिहून घेऊन निघालो.

मुता गेन्साकु शहराबाहेर, संत्र्याच्या बागांना लागून राहतो. एकसष्ट वर्षांचा, बुटका, मांड्या मात्र देवळाच्या खांबांसारख्या. त्याच्या शेडमध्ये संत्र्यांच्या खोक्यांत सायकलचे भाग होते, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले. मी भिंग नेलं होतं, विजेरी, सुताचं रीळ, आणि त्रेचाळीस प्रश्नांची यादी.

"पहिला प्रश्न," मी म्हणालो. "ही सायकल पडलेली आहे का?"

"साहेब, सायकल कुठे पडते? माणूस पडतो."

"बरं, माणूस पडलेला आहे का?"

"कुठल्या वेळचं विचारताय?"

मी यादी खिशात घातली. मुता एकेक वस्तू काढू लागला, आणि प्रत्येक वस्तूबरोबर स्वतःचं एकेक हाड. "हे हँडल खांद्याच्या हाडाच्या वेळचं. घाबरू नका, हँडलला काही झालं नाही, हाडच गेलं. हा पुढच्या चाकाचा चिमटा मनगटाच्या आधीचा. ही सीटची दांडी बरगड्यांच्या वर्षातली, पण फार चांगली आहे." तो बोलत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर अर्जांचा गठ्ठा उभा राहत होता. कायम पाचवा येणारा माणूस पडत नाही, ही शिरोउझुसानांची थिअरी पहिल्या खोक्यातच निकालात निघाली.

पण एक खरं. हा माणूस लपवत नव्हता. उलट, मला जे दिसत नव्हतं तेही त्यानेच दाखवलं. सांगाड्याच्या खालच्या नळीवर, चिमट्याच्या मागे बोट फिरवायला लावलं. "पुढून आदळलेली असेल तर इथे सुरकुती पडते. रंगाखाली असली तरी बोटाला कळते." सुरकुती नव्हती. सूत पुढच्या नळीपासून मागच्या चाकाच्या खाचांपर्यंत दोन्ही बाजूंनी ताणलं आणि मधलं अंतर मोजलं. दोन्हीकडे सारखं. क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, हातात देऊन म्हणाला, "पायडलच्या भोकाभोवती बघा, आणि दातेरी चकतीला धरणारे हात जिथे फुटतात तिथे बघा. रेघ दिसली तर नख फिरवा. नख अडकलं तर चीर, नाही अडकलं तर ओरखडा." मी प्रत्येक रेघेवर नख फिरवलं. पाऊण तास लागला. नख झिजलं, पण कुठे अडकलं नाही.

शेवटी त्याने मागचं चाक काढलं. त्याचा हब, म्हणजे मधला तुंबा, काळवंडलेला, माखलेला, आजोबांच्या तंबाखूच्या डबीसारखा. मी आस दोन बोटांत धरून फिरवला. मऊ फिरला, आत वाळू नव्हती. तरी माझं मन काही घेईना. माझ्या मुलीच्या जिवाला मी हे असलं कळकट धूड लावू?

"हे राहू द्या," मी म्हणालो. "बाकीचं घेतो."

मुता माझ्याकडे बघत राहिला. "मागचं चाक दुसरीकडून घेणार?"

"बघतो."

"आटे बघून घ्या," एवढंच तो म्हणाला.

तो सांगाडा खांद्यावर, क्रँक कोटाच्या दोन खिशांत आणि हँडल गळ्यात अडकवून मी स्टेशनापासून घराकडे निघालो. वळणावरच्या पोलीसचौकीतला तरुण हवालदार बाहेर आला. पोलीस दिसला की मी न केलेला गुन्हाही कबूल करायच्या बेतात असतो.

"ही सायकल तुमची?"

"हो. म्हणजे, होईल."

"हिच्यावर नाव 'मुता' आहे. आपण मुता?"

"नाही."

"चोरीविरोधी नोंदणीचा क्रमांक?"

"नाही. ही रस्त्यावर चालवत नाहीत, म्हणून."

"का चालवत नाहीत?"

"ब्रेक नाहीत."

त्याने वही उघडली. "म्हणजे आपण बिनब्रेकची, बिननोंदणीची, दुसऱ्याच्या नावाची सायकल रस्त्यावर आणली आहे."

"आणली आहे, पण खांद्यावर!"

"खिशात काय आहे?"

मी क्रँक काढले. दोन लांब, जड, पोलादासारखे चकाकणारे दांडे. तो एक पाऊल मागे सरला. त्यालाही भीती वाटू शकते याचं मला क्षणभर बरं वाटलं. मग चौकीत नेऊन त्याने मुताला फोन लावला. मला पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"कुवानो? नाव नाही आठवत बुवा. कसा दिसतो?"

"चष्मा, राखाडी कोट, न विचारताच सगळं कबूल करतोय."

"हां, तो घाबरट! भिंगवाला! सोडा त्याला. तो कसला चोरतोय?"

हवालदाराने वहीत ओळख पटल्याची नोंद केली. काय लिहिलं ते मी वाचायचं टाळलं.

इमारतीत आणखी एक अडचण उभी होती. आमच्या व्यवस्थापन समितीच्या हिराबायाशीबाईंनी सायकलतळाचा अर्ज पुढे सरकवला. त्यात घंटी, दिवा आणि ब्रेक असे तीन चौकोन होते. तिन्ही रिकामे ठेवून मी अर्ज परत दिला.

"ब्रेक नसेल तर ती सायकल नाही," बाई म्हणाल्या, "आणि सायकल नसेल तर सायकलतळात जागा नाही."

"मग ती काय आहे?"

"सामान. घरातल्या सामानाला आमचा नियम लागत नाही. फक्त जिन्यातून नेताना झाकून न्या, लोक घाबरतात."

तर ते सामान आमच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या समोर राहू लागलं. मी रोज ऑफिसातून येऊन त्याच्यावर नख फिरवायचो. किमिए म्हणायची, "माझ्याकडे इतकं निरखून लग्नाआधी तरी बघितलं होतंत का?"

मागचं चाक मी इंटरनेटवरच्या लिलावात घेतलं. फोटोत ते आरशासारखं चमकत होतं. 'जवळजवळ न वापरलेलं', असं लिहिलं होतं. शेवटच्या मिनिटाला माझ्यापेक्षा जास्त बोली लावणारा कुणी उरला नाही, तेव्हा मी विजयाने हात वर केले. कुणीच का उरलं नाही, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही. दाव्यांच्या विभागातल्या माणसाला तो पडायला हवा होता.

सगळे भाग घेऊन मी मुताकडे जुळवायला गेलो. त्याने ते चाक हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. मागच्या बाजूला दातेरी चक्र आट्यांवर बसवलं, आणि त्याच्यावर उलट्या आट्यांचं कडं. पायांनी वेग रोखताना हे कडंच चक्राला सुटू देत नाही. म्हणजे ब्रेक म्हणाल तर हाच. बोटाएवढं रुंद कडं.

मुताने पाना लावला आणि कडं आवळलं. अजून आवळलं. आणखी एकदा. गच्च व्हायच्या ऐवजी ते मऊ झालं. लोण्यात सुरी जावी तसा पाना फिरला. त्याने कडं काढलं, आणि त्याच्या आतून चमकत्या धातूची एक बारीक, गोल वळलेली तार लोंबू लागली. आटेच निघून आले होते.

"घासून चकचकीत केलाय," मुता म्हणाला. "आटे झिजलेले दिसू नयेत म्हणून. साहेब, इतका कशाला चमकतोय, असं नाही वाटलं तुम्हाला?"

मी कसंबसं विचारलं, "चिहारु भिंतीवर असताना हे झालं असतं तर?"

मुताने तार खाली टाकली आणि हात पुसले. ज्याने आपली सगळी हाडं मला नावानिशी सांगितली होती, तो गप्प बसला. त्याच्या त्या गप्प बसण्याची जितकी भीती वाटली तितकी मला आयुष्यात कुठल्याच फाईलची वाटली नव्हती. आतापर्यंत मी दुसऱ्यांच्या चुकांना घाबरत होतो. ही चूक माझी होती. मीच बोली लावली होती, मीच हात वर केले होते.

मुता उठला आणि कोपऱ्यातलं ते काळवंडलेलं चाक घेऊन आला. त्याच्या आट्यांवरचं वंगण फडक्याने पुसलं. खाली धारदार, अख्खे, एकसारखे आटे होते.

"हे त्या दिवशीच का नाही म्हणालात?" मी जवळजवळ ओरडलोच.

"म्हणालो की! आटे बघा म्हणालो. तुम्ही रंग बघितलात."

घरी परतताना मी ठरवलं की माझ्याआधी त्या सायकलवर कुणीही बसणार नाही.

उराताबाईंना मी फोन केला. त्या पूर्वी स्वतः शर्यतीत धावलेल्या. आवाज कापडाच्या दुकानातल्या कात्रीसारखा. त्या म्हणाल्या, "वेळ लावायच्या दिवशी सकाळी साडेआठला नवशिक्यांना सोडतो. घरच्या माणसांनाही चालतं. पण तुम्ही कशाला?"

"तपासणी करायची आहे."

"सायकलची की स्वतःची?"

मी वेळ लिहून घेतली आणि फोन ठेवला.

त्या रविवारी मैदानावर हमीपत्रावर सही करायची होती: 'काहीही झाल्यास जबाबदारी माझी.' मी ते चाळीस मिनिटं वाचलं, दोन कलमांतली भाषा सुधारून दिली आणि मग सही केली. तोवर मागे रांग लागली होती. रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "हे कोण, वकील?" शिरोउझुसान म्हणाले, "नाही हो, मरायला निघालेत." शिरोउझुसान आले होते, दारूच्या दुकानातले ते दोघेही आले होते. त्यांच्यात कुजबूज चालली होती, ती माझ्या फेऱ्यांच्या आकड्यावर असावी असा मला दाट संशय आहे. किमिएही आली होती. ती जिन्यापाशी शांत उभी होती, हातात छत्री. नेहमीसारखी, जशी काही भाजी घ्यायला निघालीय.

चिहारुने माझं शिरस्त्राण बांधलं. "बाबा, तीनच गोष्टी. पाय थांबवू नका. वळणावर वेग कमी करू नका, नाहीतर घसराल. आणि जिकडे बघाल तिकडे सायकल जाते, म्हणून जिकडे जायचंय तिकडेच बघा."

"आणि थांबायचं कसं?"

"हळूहळू," ती म्हणाली. जेवताना मला काही कळलं नव्हतं, त्या घटकेलाही नाही.

पहिला धडा मला पाच सेकंदांत मिळाला. दमल्यावर मी सवयीने पाय थांबवले. सायकलने थांबवले नाहीत. तिने माझे गुडघे वर फेकले, जणू खेचर लाथ मारतंय. मी किंचाळलो. ती किंचाळी मैदानभर फिरून माझ्याकडे परत आली. त्यानंतर पाय थांबवायची हिंमत झाली नाही. आतल्या सपाट पट्टीवर मी दोन फेऱ्या नीट काढल्या. तिसऱ्या फेरीला वळणावर माझी नजर चुकून त्या भिंतीकडे गेली, आणि जिकडे बघितलं तिकडे मी निघालो.

वर. पृथ्वी तिरकी झाली. उजवीकडे आकाश आणि डावीकडे, खूप खाली, गवत. 'अर्जदार पुरुष, वय एकावन्न,' माझ्या डोक्यात टाईप व्हायला लागलं, 'स्वखुशीने.' मी जिवाच्या आकांताने पायडल मारू लागलो, कारण वेग कमी झाला तर घसरणार. मग वेग इतका वाढला की थांबायचा प्रश्नच उरला नाही. चौथी, पाचवी, सहावी फेरी. दर फेरीला शिरोउझुसानांचा आवाज जवळ यायचा आणि मागे पडायचा: "छान चाललंय, कुवानोसान!" आठव्या फेरीला मंडळाच्या त्या लहान सायकलवर चिहारु माझ्या शेजारी आली.

"बाबा, खाली या!"

"कसं?"

"खाली बघा!"

"खाली बघायची भीती वाटते!"

"मग माझ्याकडे बघा! माझ्यामागून या! मी हळू होतेय, तुम्हीही पाय जड करा. जड करा म्हणतेय, थांबवू नका!"

मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. तिच्या पाठीमागून एकेक रेघ खाली आलो. पाय जड केले. आणि मागच्या चाकातल्या त्या कळकट हबने, त्याच्या आट्यांनी, माझ्या अख्ख्या देहाचा भार धरून ठेवला. मला ते पायांत जाणवलं. चक्र निसटलं नाही, कडं मऊ पडलं नाही. त्या भीतीतसुद्धा मला वाटलं, धरतंय, हे धरतंय. आणि नेमकं तेव्हाच, सपाट पट्टीवर, सगळं संपत आलेलं असताना, मी प्रथमोपचाराच्या तंबूकडे बघितलं. मला फक्त खात्री करायची होती की तो उघडा आहे.

जिकडे बघाल तिकडे सायकल जाते.

तंबूतल्या मुलीने मोठ्या प्रसंगावधानाने गादी पुढे ओढली. उजव्या गुडघ्याची साल गेली, चष्म्याची एक काडी वाकली. पट्टी बांधून होईपर्यंत मी विजेरीने मागचा हब तपासत होतो. "काका, आधी पाय सरळ करा," ती मुलगी म्हणत होती. उराताबाई येऊन उभ्या राहिल्या.

"झाली तपासणी?"

"झाली," मी म्हणालो. "सायकल उत्तम आहे."

"स्वतःचं काय?"

"त्या अर्जाचा निकाल राखून ठेवलाय."

त्या हसल्या.

मग चिहारुची पाळी आली. एका माणसाने सीटखाली धरून सायकल उभी केली. ती चढली, पट्टे आवळले. मला पाच-सहा गोष्टी सांगायच्या होत्या. सव्वीस वर्षांच्या वाचनातल्या निवडक. तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा तोंडातून एवढंच निघालं, "चेन ठीक आहे."

"हो, बाबा," ती म्हणाली.

मी लंगडत किमिएच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. घंटा झाली. चिहारु सुटली, आणि त्याच क्षणी माझा दंड कुणीतरी पकडीत धरला. बघतो तर किमिए. डोळे घट्ट मिटलेले, ओठ पांढरे.

"काय झालं?"

"मला नाही बघवत," ती पुटपुटली. "मी एकाही रविवारी आले नाही. बाजारात जाते म्हणून सांगायचे आणि बाजारात नुसती उभी राहायचे. तिला कळू दिलं नाही. आपण दोघंही घाबरलो असतो तर ती गेली असती का?" तिची नखं माझ्या कोटातून आत गेली. "तुम्ही बघा. बघा आणि मला सांगा."

आमच्या घरातलं भिण्याचं खातं माझ्याकडे आहे, असं मी इतकी वर्षं समजत होतो. आता डोळे मिटायची सोय उरली नाही. दोघांपैकी एकाला तरी बघायलाच हवं होतं.

"सरळ पट्टीवर आहे," मी म्हणालो. "वेग घेतेय. वळणावर आली."

"वर आहे का?"

"नाही, खाली. अगदी आतल्या रेघेवर. पाय दिसत नाहीत इतके फिरताहेत. निघाली वळणातून."

"सायकल हलतेय का?"

"एवढीसुद्धा नाही."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. एक फेरी. दुसरी. उराताबाईंच्या हातातलं घड्याळ मला दिसत होतं, आकडे दिसत नव्हते, कारण चष्मा एका कानावर होता आणि काचेवर वाफ होती. शेवटची अर्धी फेरी मी कशी सांगितली आठवत नाही. बहुधा मी श्वास न घेता नुसतं "आली, आली, आली" म्हणत होतो. तिने रेघ ओलांडली. उराताबाईंनी घड्याळ दाबलं, बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाठवते मी नाव."

"थांबली?" किमिएने विचारलं.

"नाही. वर चढतेय."

"वर? आता वर कशाला?"

"वेग मारायला वर जावं लागतं," मी म्हणालो. आणि ते बघताबघताच 'हळूहळू' म्हणजे काय ते मला कळलं. चिहारु त्या भिंतीवर अगदी वरच्या कठड्याजवळ गेली, तिथे तिचा वेग विरला, क्षणभर ती अधांतरी टांगल्यासारखी दिसली, आणि मग हलकेच खाली उतरत आली, एक हात हँडलवरून काढून, आमच्याकडे बघत.

"झालं," मी म्हणालो. "उतरली."

किमिएने डोळे उघडले. तिला आधी माझा गुडघा दिसला, मग मैदान, मग लेक. तिने गळ्यातला रुमाल पदरासारखा सारखा केला, घसा साफ केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मला माहीतच होतं. तुम्ही आपले उगीच घाम गाळत बसता."

माझा दंड मात्र तिने सोडला नाही. मीही तो सोडवून घेतला नाही.